दुसरा शनिवार, मालवण आणि भरतीचं गणित

*मावशी, माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. सासर मालवणजवळच्या गावात. घरामागे माडाची बाग आणि बागेमागे समुद्र. नवरा बँकेत आहे, त्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, आणि प्रत्येक सुट्टीला आम्ही गावी. मुलगी साडेतीन वर्षांची. शुक्रवारी बँक सुटली की तिला पोटभर दूध पाजून निघतो, म्हणजे ती झोपेल. पण घाटात ती उठते आणि ओकते. पोचायला मध्यरात्र होते. शनिवारी सकाळी भावकीत ‘चेडवाक (लेकीला) दाखवून’ यायचं, घरोघरी चहा-बिस्किटं. संध्याकाळी समुद्रावर जावं तर कधी पाणी पार बांधाला लागलेलं, नाहीतर सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेला पोराला पाण्यावर नेऊ नये. नवरा मित्रांत, मी स्वयंपाकघरात. मला पोहता येत नाही, समुद्राची भीती वाटते, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी रात्री उशिरा परत. सोमवारी मुलगी किरकिरते आणि मी तिच्याहून जास्त. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस, समुद्रकाठी सासर! मला मात्र दुसरा शनिवार जवळ आला की धडकी भरते. माझंच काही चुकतंय का?*

*ता.क. गावी गेलं की मुलगी दुधाला तोंड लावत नाही. सासूबाई म्हणतात, तूच सवयी बिघडवल्यास.*

अगं, तुझं पत्र वाचून झालं आणि मी आधी शुक्रवारच्या रात्रीवर फुली मारली. नवरा, सासूबाई, समुद्र, सगळ्यांचा नंबर येईल. पण जी सुट्टी करूळ घाटात, अंधारात, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत सुरू होते, ती नंतर कितीही चांगलं जेवण मिळालं तरी सावरत नाही. मध्यरात्री पोचायचं, सगळं घर उठवायचं, ओकलेले कपडे न्हाणीत भिजत टाकायचे आणि सकाळी सातला हसतमुखानं चहा ठेवायचा. धडकी भरेल नाहीतर काय होईल?

गाडी लागते म्हणजे काय होतं ते समजून घे, म्हणजे उपाय आपोआप सुचतील. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो प्रत्येक वळण टिपतो. डोळ्यांना मात्र पुढच्या सीटची पाठ दिसत असते, आणि ती जागची हलत नाही. कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो नाही. या भांडणात पोट उलटतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास फारसा होत नाही, दोन ते बारा हे त्याचं खरं वय. म्हणजे तुझ्या लेकीची आत्ता कुठं सुरुवात आहे, आणि मोठी होईल तसं लगेच सुटेल या आशेवर राहू नकोस. रात्री तर खिडकीबाहेर बघायलाही काही नसतं, आणि पोटात पेलाभर कोल्हापुरी म्हशीचं दूध. दूध पाजून निघण्यामागचा तुझा विचार मला कळतो, पण घाटात त्याचा उलटाच परिणाम होतो.

शनिवारी पहाटे सहाला निघा. निघताना तिला अर्धी चपाती किंवा एखादी खारी, एवढंच. उपाशी ठेवू नकोस, रिकाम्या पोटीही मळमळतंच. कळे, साळवण करत गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर आहे. तिथं गाडी थांबवून तिला दहा-पंधरा मिनिटं धुक्यात पळू दे, पण खायला काही देऊ नका, भज्यांचा वास कितीही आला तरी. मग घाट उतरायचा. काच खाली, मोबाईल बंद, चित्रांचं पुस्तकही बंद. तिची बैठक इतकी उंच पाहिजे की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. बसवायचं मागेच, लहान मुलांच्या सीटमध्ये, पट्टा लावून. पोराला मांडीवर घेऊन पुढं बसायची आपल्याकडची रीत मला अजिबात मान्य नाही, आणि त्यावर मी कुणाचं ऐकूनही घेणार नाही. नाष्टा खाली उतरल्यावर, वैभववाडीत नाहीतर तळेऱ्याला. तिथून कणकवली, कसाल करत दहा-साडेदहापर्यंत घरी. गाडी लागू नये म्हणून मिळणारी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वयात देऊ नकोस. काहींनी पोरं दिवसभर पेंगुळतात, आणि मग ‘गावी आली की चेडू मलूल असते’ म्हणून तुझ्याच नावानं पावती फाटते.

करूळ घाट दुरुस्तीसाठी किंवा दरड आल्यामुळे बंद असला तर राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट आहेच. फक्त त्या जंगलात पहाटे गवे रस्त्यावर येतात, तेव्हा गाडी हळू. (वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेबद्दल मला विचारू नकोस. ती आपण इतकी वर्षं ऐकतोय की तुझ्या लेकीच्या लेकीला तरी मिळो.)

परतीचंही तसंच. रविवारी जेवण बारालाच आटपा आणि एकपर्यंत गाडीत बसा. तिची दुपारची झोप घाट चढण्याच्या वेळी येईल असं बघ. झोपलेल्या मुलाला गाडी सहसा लागत नाही. दिवेलागणीपर्यंत तुम्ही घरी असाल. नवरा म्हणेल, रविवारची अख्खी संध्याकाळ वाया गेली. ती वाया जात नाही, सोमवारची सकाळ त्या संध्याकाळीच ठरते.

आता समुद्राकडे येऊ. पाणी कधी बांधाला लागलेलं असतं, कधी लांब गेलेलं, याला तू नशीब समजतेस. अगं, ते तुझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर छापलेलं आहे. कोकणात जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. तिथून सहा तास मोजले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, पण बादली-फावडं घेऊन निघायला एवढं पुरतं. तुझे सासरे हे तोंडपाठ सांगतील. विचारून बघ, आणि विचारताना पोरीला शेजारी बसव. आजोबांना नातीशी काय बोलावं हे पुष्कळदा सुचत नाही, आणि हा त्यांच्या हातातला विषय आहे.

म्हणजे तुमच्या कामाचं असं: त्रयोदशीपासून पुढच्या प्रतिपदेपर्यंत संध्याकाळी ओहोटी मिळते, वाळू लांबपर्यंत उघडी आणि पायाखाली घट्ट. द्वितीयेपासून पंचमीपर्यंत सकाळ तुमची. सप्तमी ते दशमी मात्र ओहोटी भर दुपारी असते, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी वर. त्या दिवसांत समुद्र लांबून बघायचा आणि बागेत खेळायचं, विषय संपला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, चढउतार कमी.

यात एक गंमत आहे जी बँकवाल्यांनाच लागू पडते. तुमच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारात चौदा दिवसांचं अंतर असतं. चौदा दिवसांनी तिथी जवळजवळ तीच येते, एखादी मागं सरकते इतकंच. म्हणजे दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाळू मिळाली तर चौथ्यालाही मिळणार, आणि नाही मिळाली तर तेव्हाही नाही. महिन्यात पाच शनिवार आले की पुढच्या दुसऱ्या शनिवारापर्यंत एकवीस दिवस जातात आणि सगळं उलटं होतं. ‘महिना झाला, समुद्र बांधालाच आहे’ असं तुला वाटत असेल तर ते खरंच असेल. समुद्राचं तुझ्याशी वैर नाही, बँकेच्या सुट्ट्याच तशा पडतात.

तर ओहोटीच्या आधीचा तास आणि नंतरचा तास, एवढा वेळ पोरीचा. त्याहून जास्त नको. साडेतीन वर्षांचं मूल समुद्रावर दीड तास खेळलं की त्याचं पोट भरतं. त्यापुढं जे चालतं ते आपल्यासाठी असतं, फोटोंसाठी किंवा ‘एवढं आलोय तर’ म्हणून. तिला प्लास्टिकच्या खेळण्यांचा संच घेऊन देऊ नकोस. एक करवंटी, एक जुनी चहाची गाळणी आणि घरातला तांब्या पुरतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची ठिपक्यांची रांगोळी तयार होते. पावलाचा दणका बसला की सगळे बिळात. हालचाल न करता उभं राहिलं की हळूच एकेक परत. पोरीला हे एकदा दाखव आणि तूही तिच्या उंचीला उकिडवी बस. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि ओहोटीला पुन्हा सुरू. दर वेळी नवीन जागा दाखवायचा तुझ्या मनावरचा भार या खेकड्यांनी उतरवला पाहिजे. तिला नवं नको असतं. मागच्या वेळचं तेच पुन्हा हवं असतं.

म्हणून किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, सगळं एका सुट्टीत बसवायला जाऊ नकोस. सिंधुदुर्ग किल्ला कुठं जात नाही. १६६४ पासून तो तिथंच आहे. (आणि आपल्या कोल्हापूरकरांना तो परकाही नाही. १८१२ च्या तहात इंग्रजांनी घेईपर्यंत तो करवीरच्या छत्रपतींकडेच होता. सासरी कुणी ‘घाटावरचे’ म्हणून चिडवलं तर हे सांगून बघ.) एखाद्या थंडीत, सकाळच्या पहिल्या होड्यांत, लाइफ जॅकेट तिच्या मापाचं मिळालं तरच जा. तिथं महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत आणि चहूकडं खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. एवढी नावं साडेतीन वर्षांच्या पोरीला महिनाभर पुरतील. बाकीचा तट ती मोठी झाल्यावर.

तुझ्या भीतीबद्दल. ती लपवू नकोस, आणि घालवायच्या मागंही फार लागू नकोस. मला विचारशील तर त्या घरात तुझ्याएवढं सावध कुणीच नसेल, आणि समुद्रावर लहान मूल असताना असं माणूस लागतं. आपल्याकडं विहिरीत, पंचगंगेत पोहायला शिकलेले लोक समुद्राला विहिरीसारखंच समजतात आणि तिथंच फसतात. दर पावसाळ्यात तशी बातमी येते. विहिरीतलं पाणी ओढून नेत नाही. समुद्राची परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते, आणि काही ठिकाणी पाणी आत ओढणारा प्रवाह असतो. तो वरून शांत दिसतो. उलट तिथं लाटा कमी फुटतात म्हणून लोकांना तीच जागा बरी वाटते.

तेव्हा तुमच्या घरापुरते नियम तूच कर, आणि नवऱ्यासमोर मोठ्यानं सांग. पाणी पोरीच्या गुडघ्याच्या वर नाही. मोठ्या माणसानं तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, हात लांबवला की पोचेल इतकं जवळ, आणि समुद्राकडं पाठ करायची नाही. हवेच्या टायरी, दंडातले फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर भिस्त नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोरीवर नजर कुणाची हे नावानं ठरवायचं. ‘आम्ही सगळे होतो ना’ हे वाक्य घात करतं, कारण सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, आवाज न करता खाली जातं. ज्याची पाळी त्याचा मोबाईल घरी. देवबागला जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं फिरायला खुशाल जा, पण पाण्यात उतरवू नकोस, ओहोटीला तिथं जबर ओढ असते. मालवण गावातला चिवला किनारा त्या मानानं शांत, लहान मुलांना बरा. आणि हो, कोल्हापुरात जलतरण तलावावर मोठ्या बायकांनाही शिकवतात. समुद्रात पोहण्यासाठी म्हणून नको, पण नाकातोंडात पाणी गेलं तर घाबरायचं नाही एवढं अंगात मुरायला शीक. पुढं मुलीलाही तिथंच घाल.

किरकोळ गोष्टी झटपट सांगते. खडकावर चप्पल काढू द्यायची नाही, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. किनाऱ्यावर निळसर, पारदर्शक, जेलीसारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मेलेलं असलं तरी डसतं. पावसाळ्याच्या तोंडाला पायाला काळं डांबर चिकटतं, ते साबणानं जात नाही, खोबरेल तेलानं निघतं. जिवंत शंख घरी आणायचा नाही, दोन दिवसांत असा वास सुटतो की गाडी विकावी लागेल.

आता माणसं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि माझ्या मते खरी गाठ इथं आहे. त्या दीड दिवसावर फार जणांची मालकी आहे. सासूबाईंना नात सगळ्या वाडीला दाखवायची आहे. नवऱ्याला मित्र हवेत. तुला समुद्रकाठची ती सुट्टी हवी आहे जी मैत्रिणींना वाटते तुला मिळते. पोरीला दुपारची झोप आणि खेकडे, एवढंच. सगळ्यांचं सगळं द्यायला गेलात की भरडली जाते ती पोर, आणि तिच्यामागं धावणारी तू.

नवऱ्याचं आधी. तो वाईट माणूस आहे असं तुझ्या पत्रातून मला दिसलं नाही. पण घाट उतरला की तो त्या घरचा झील, म्हणजे मुलगा होतो आणि तू सून होतेस, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. कोल्हापुरात तो भांडी विसळत असेल, पोरीला आंघोळ घालत असेल. तिथं आईसमोर त्याला ते सुचत नाही. भांडण काढू नकोस, काम नेमून दे, आणि तेही कोल्हापुरातून निघायच्या आधी. रविवारी सकाळी सहा ते आठ पोरगी त्याची. मित्रांना भेटायचंय? पोरीला खांद्यावर घेऊन भेट म्हणावं. मासे आणायला जाताना तिला ने. हंगामात कुठं रापण ओढत असतील तर दाखव. किनाऱ्यावर पन्नास माणसं दोरीला लागलेली, जाळं हळूहळू वर येतंय, त्यात काय तडफडतंय, हे बघायला मोठी माणसंही थांबतात. ओढायला हात लावला तर वाट्याला चार मासेही येतात. ते दोन तास तू झोप. खरंच झोप, उठून कपाट आवरायला घेऊ नकोस.

शनिवारी सकाळची भावकी बंद. ‘बंद’ असं म्हणू नकोस, वेळ बदल. सासूबाईंना सांग, ‘आई, दुपारच्या झोपेनंतर चार वाजता सगळ्यांना खळ्यातच, अंगणात बोलवूया, चहा मी ठेवते.’ घरोघरी फिरण्यापेक्षा खळ्यात खुर्च्या टाकून गजाली कुणाला नको असतात? पोरगी तुळशीभोवती तिच्या मनानं खेळेल, ज्याला बघायची तो बघेल, आणि बिस्किटांवर तुझी नजर राहील. संध्याकाळच्या ओहोटीचा शनिवार असेल तर चहा लवकर उरका, नाहीतर आधी समुद्र आणि मग चहा.

आणि तिन्हीसांजेचं सासूबाईंचं म्हणणं तू अंधश्रद्धा म्हणून मनातल्या मनात उडवत असशील, तर उडवू नकोस. भुतंखेतं राहू देत बाजूला. दिवेलागणीला पाण्यातलं मूल नीट दिसत नाही, वारा फिरतो, पोर दमलेलं असतं. समुद्रकाठी आयुष्य काढलेल्या बायकांनी हा नियम उगीच केलेला नाही. ‘आई, तुम्ही म्हणता तसं सूर्य बुडायच्या आधी परत येतो’ असं एकदा म्हण आणि त्याप्रमाणं ये. त्यांचा अर्धा विरोध तिथंच मावळेल, कारण त्यांना नको होता तो समुद्र नव्हे, ऐकून न घेणं नको होतं.

त्यांना पोरीची एक गोष्ट पूर्ण देऊन टाक. रात्रीचं जेवण आणि झोपवणं, म्हणजे उत्तम. त्या वेळी तू मध्ये नाक खुपसायचं नाही. दोन घास कमी गेले, मालवणीतून काहीतरी भलतं शिकवलं, पडवीत चटईवरच झोपवलं, जाऊ दे. त्या तासात तू आणि नवरा घरामागच्या वाळूत जाऊन बसा. लग्नाआधी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं अवघडून बसलात तरी चालेल, सवय गेली असेल.

स्वयंपाकाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, म्हणून मीही एकच सांगते. शनिवारी रात्री मासे नवऱ्यानं तळायचे. त्याच्या गावचे मासे आहेत, त्याला यायलाच पाहिजेत.

दर पंधरवड्याला जायलाच हवं का, हेही बघ. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन्ही शनिवार जा, हवा चांगली, समुद्र शांत, जत्रा आणि दशावतार सुरू. वेंगुर्ल्याकडं वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी राखतात. पिल्लं बाहेर येण्याच्या दिवसांत तिथं पहाटे गेलात तर ते तिला जन्मभर आठवेल. एप्रिल-मे महिन्यात शनिवार-रविवारची धावपळ नकोच. उन्हाळ्यात पोरीला घेऊन आठ-दहा दिवस राहा, नवरा ये-जा करेल. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पुरे, गणेशचतुर्थीचे दिवस धरून. गगनबावडा हा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात पावसाचा तालुका आहे, त्या घाटात साडेतीन वर्षांचं मूल घेऊन दर पंधरा दिवसांनी हौसेनं कुणी जात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपण का उतरायचं? पावसात गेलात तर समुद्र बागेतूनच बघा. व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी, लावणी, पडवीतून दिसणारा पाऊस, तिला तेही नवलच आहे. राहिलेल्या एखाद्या चौथ्या शनिवारी सासू-सासऱ्यांना इकडं बोलव. आजीला रंकाळ्यावर भेळ खायला घाल. तुझ्या घरात, तुझ्या नियमांत त्या दोन दिवस राहिल्या की तिकडच्या बऱ्याच गोष्टी न बोलता सुटतात.

‘माझंच काही चुकतंय का’ असं विचारलंस. नाही. तुला कुणी वेळापत्रक करू दिलेलं नव्हतं, ते आता कर. पुढच्या दुसऱ्या शनिवारी एवढ्या तीनच गोष्टी बदल: पहाटे निघणं, खळ्यातला चहा, रविवारची सहा ते आठची झोप. समुद्राची वेळ सासऱ्यांना विचार. बाकीचं नंतर बघू, मला लिही.

आणि तुझ्या ता.क. बद्दल. पोरगी गावी दूध पीत नाही, कारण तिला इथल्या म्हशीच्या दुधाची, साय धरलेल्या पेल्याची चव लागलीय, आणि तिथं चव वेगळी. दोन दिवस दूध नाही घेतलं तर काही बिघडत नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज दे, वर तुपाचा थेंब, घावण्याबरोबर नारळाचा रस. माशातला पापलेट किंवा सुरमईचा काटे काढलेला तुकडा, सोलकढी तिखट नसेल तर दोन चमचे. पेज सासूबाईंनाच करायला सांग, म्हणजे सवयी कुणी बिघडवल्या हा प्रश्न पुढच्या वेळी निघणार नाही. निघालाच तर म्हणावं, ‘आई, आता ती तुमच्याच हातची पेज मागते कोल्हापुरात, मी काय करू?’